भाषणाच्या शिकवणीतून आलेले पंखे

यवतमाळात मी मुलांना वक्तृत्व शिकवते. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आणि जयंत्या हे माझे सुगीचे दिवस. एरवी शाळेतली नोकरी, तीही विनाअनुदानित. तिथे पगार म्हणजे भूत, बोलतात सगळे, पाहिलेलं कोणी नाही.

शहरालगतच्या लोहाऱ्याला आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. माझा बी.एड.चा अभ्यास तिथेच झाला. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका ती सांभाळतात. स्पर्धा परीक्षेची पोरं उन्हाळ्यात तिथल्या पत्र्याखाली भाजत बसायची. आपण काही दान द्यावं असं मला दर वर्षी वाटायचं, आणि दर वर्षी मी जुन्या मासिकांचा गठ्ठा आणि थोडे प्रेरणादायी शब्द देऊन परत यायचे. गठ्ठा काका ठेवून घेत. शब्द पोरं घाम पुसत ऐकून घेत.

मग नगर परिषदेच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले आणि एका संध्याकाळी सिमेंट-लोखंडाचे एक दुकानदार घरी आले. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांना नगरसेवक व्हायचं होतं. दुकानात, पानठेल्यावर ते तासन्‌तास बोलत, पण माइक हाती आला की ‘उपस्थित’ या शब्दापुढे गाडी सरकत नसे. मी मुलांना सांगते तीच फी सांगितली. भाऊंचा चेहरा पडला.

“एवढ्याशा पैशात कोनी चांगलं शिकवते का, मॅडम?”

त्यांची काळजी खरी होती. स्वस्त सिमेंट कसं निघतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! मी भीत भीत दहापट आकडा सांगितला. भाऊ निवांत रेलून बसले, चहा मागितला, आणि त्यानंतर माझ्या विद्वत्तेबद्दल त्यांना कधी शंका आली नाही.

मी त्यांना आवाज कुठे खाली आणायचा ते शिकवलं, शेवटच्या रांगेकडे बघायला शिकवलं. ‘मी’च्या जागी ‘आपण’ घातलं. सेवेवर दोन वाक्यं हवीतच, म्हणून लिहून दिलं, “देणाऱ्यानं आपलं नाव सांगू नये. ज्याला कळायचं त्याला कळतंच.” इथे थांबायचं आणि मान जराशी झुकवायची. भाऊ आरशासमोर मान झुकवायचा सराव करत. सुरुवातीला त्यांची मान अवघडली आहे असंच वाटायचं.

शिकवणीची बातमी फुटली आणि त्यांच्याच वॉर्डातले एक विरोधकही आले. त्यांना मी दुसरा वार दिला, म्हणजे गल्लीत गाठ पडू नये. मग इतर वॉर्डातले आले. नम्रतेची वाक्यं माझ्याकडे एवढीच होती, ती सगळ्यांना दिली. त्या दिवसांत शहरात नम्रतेची साथच आली होती. कुठल्याही सभेला जावं, मान त्याच जागी झुकायची.

हातात पैसा आला. मी अभ्यासिकेला पंखे, खुर्च्या आणि थंड पाण्याचं मशीन घेऊन दिलं. नाव कुठे सांगू नका, असं काकांना बजावलं. ते ठीक म्हणाले, पण कार्यक्रम तर करावाच लागेल. कार्यक्रम झाल्याशिवाय मिळालेली वस्तू मिळाली असं विहाराच्या समितीला वाटत नाही. आचारसंहिता लागायच्या आत उरकायचं ठरलं. मंडप भाऊंनी फुकट दिला, म्हणून प्रमुख पाहुणे तेच.

काका एवढंच बोलले, की दात्याची नाव न सांगण्याची इच्छा आहे. मग भाऊ उठले. ‘उपस्थित’ सहज पार पडलं. भाषण रंगलं आणि माझी ती वाक्यं आली. कार्यक्रमापुरत्या मंडपात टांगलेल्या नव्या पंख्यांखाली उभं राहून भाऊ म्हणाले, देणाऱ्यानं आपलं नाव सांगू नये. ते थांबले. मान झुकली.

सगळी सभा त्यांच्याकडे बघायला लागली. पुढच्या रांगेतल्या एका आजीने डोळ्यांना पदर लावला. टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या, कारण शिकवणाऱ्या बाईला हवी तशीच जागा त्यांनी घेतली होती. दान देणारी बाई मात्र त्या टाळ्यांचा हिशेब करत बसली. नाव नको म्हणताना ते कोणाला तरी कळेल अशी आशा मी धरून होते, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

मंडपाबाहेर भाऊंनी मला बाजूला घेतलं.

“मॅडम, लोकं मलेच दाता समजून राह्यले. मी काही खोटं बोललो नाही. तुमीच सांगतलं होतं, तिथं थांबायचं.” मग हळूच विचारलं, “पन देनारा कोन हाये?”

माझंच वाक्य मला आडवं आलं. माहीत नाही, म्हटलं.

पुढे भाऊंची पंचाईत झाली. ते दाते आहेत असं वस्तीने धरलंच होतं, त्यामुळे काका समितीला घेऊन थेट दुकानात गेले आणि पंखे गरम हवाच फिरवतात, पत्रे काढून स्लॅब टाकायला हवा असं म्हणाले. गिऱ्हाइकांसमोर ‘ते पंखे माझे नाहीत’ असं भाऊंना सांगता येईना. सिमेंट आलं, लोखंड आलं. मला मात्र शिकवणीत तक्रार ऐकावी लागली, की नम्रता फार महाग पडून राह्यली.

अभ्यासिकेवर पक्का स्लॅब पडला आणि निवडणुकीत भाऊ पडले. निवडून आले ते त्यांचे विरोधक, माझेच दुसऱ्या वाराचे विद्यार्थी. दोघंही अजून शिकायला येतात. अभ्यासिकेत आता मुली भर दुपारीही बसतात, आणि त्यांच्यासाठी स्वच्छतागृह बांधायचं काकांच्या मनात आहे. मी फी पुन्हा वाढवली. दोघांपैकी एकानेही कुरकुर केली नाही.