मधूचा तारपा आणि माझं व्हायोलिन

शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी डहाणूच्या बाजारात बोंबील घेत होतो. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. कोळीण पिशवी पुढे धरून उभी होती... मी ती घेतलीसुद्धा. मधूला जाऊन आता दीड महिना झाला. त्याच्याबद्दल चार चांगल्या ओळी लिहायला बसलो की दर वेळी माझाच नतद्रष्टपणा आठवतो. मग तोच लिहितो.

मधू तलासरीच्या शाळेत मास्तर, राहायला नरपडला. मी रेल्वेत, तिकीट खिडकीवर. आमचं जमलं ते व्हायोलिनमुळे, म्हणजे वाजवायचो मी आणि ऐकायचा तो. एका इराणी वाडीवाल्याने जुना बंगला विकताना खोकंभर रेकॉर्डी टाकून दिल्या, त्या मधूने सायकलवर बांधून घरी आणल्या. बहुतेक गेल्या शतकातल्या इंग्रज संगीतकारांच्या. हे लोक म्हणे खेडोपाडी हिंडायचे, शेतावरच्या म्हाताऱ्यांची गाणी वहीत उतरवून घ्यायचे आणि मग मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहायचे. जुनी चाल तशीच, पण तिच्याभोवती नव्या जमान्याचे खरखरीत सूर. मला पहिल्यांदा ते सगळं बेसूरच वाटलं होतं. मधू मात्र चिकूच्या झाडाखाली खाट टाकून तेच तेच ऐकायचा. "अरे, साहेबाला त्याच्या गावातलं म्हातारं ऐकावंसं वाटलं," तो म्हणायचा, "मग आपल्याला का वाटू नये?"

त्याचं म्हातारं म्हणजे देवजी. तलासरीजवळच्या पाड्यावरचा तारपावाला. भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण, एवढ्यात त्याचं फुंकायचं वाद्य होतं. मधू चार वर्षं शाळा सुटल्यावर त्याच्या ओटीवर बसला, एकेक चाल लिहून घेतली, आणि शेवटी तारपा आणि व्हायोलिनसाठी स्वतःची एक रचना केली. वाजवणार देवजी आणि मी. डहाणूच्या एका सभागृहात कार्यक्रमही ठरला. मधू तेव्हा नवरदेवासारखा हिंडत होता.

तालमीला पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं. तारप्याचा सूर माझ्या व्हायोलिनच्या सुराला लागेना, थोडा खालीच राहायचा. मी शास्त्रशुद्ध शिकलेला, त्याचा तोरा होताच. मी म्हटलं, "मधू, हे वाद्यच बेसूर आहे. याला सुरात आणायला सांग." मधू काही बोलायला गेला, तर मी व्हायोलिन पेटीत घालायला लागलो. देवजीच मध्ये पडला. "करून बघतो ना, भाऊ. तुम्ही शिकलेली माणसं." त्याने मेण कमी-जास्त करून पाहिलं, मग आतली बांबूची जिभली थोडी तासली... आणि तारप्याचा आवाजच बसला. वर्षभर वाळवलेला भोपळा, घरचं वाद्य. देवजीने ते कापडात गुंडाळलं आणि चहा प्यायला.

कार्यक्रमात तारप्याच्या जागी कीबोर्ड वाजला. ती सूचना माझीच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या रांगेत बसलेल्या देवजीनेसुद्धा. मधू शेवटपर्यंत मान खाली घालून होता. त्यानंतर सहा वर्षं आम्ही भेटत राहिलो, चहा, क्रिकेट, पेन्शन, सगळं बोललो. त्या रचनेचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही. मला वाटायचं, अडलंय त्याचं, तोच विचारेल. गाढवाला गुळाची चव काय!

महिन्याभराने वहिनींनी रेकॉर्डी न्यायला बोलावलं. रेकॉर्डींच्याच कपाटात त्या रचनेचे कागद होते. तारप्याची पानं जुनीच. माझी पानं मात्र सगळी नव्याने लिहिलेली, आणि वर मधूच्या वळणदार अक्षरात सूचना: 'तारपा आहे तसाच राहील. व्हायोलिनच्या तारा वाजवायच्या दिवशी त्याच्या सुरावर उतरवून घ्याव्यात.' वहिनी म्हणाल्या, "कार्यक्रमानंतर आठ दिवसांत लिहून काढलंन. मी म्हटलं, दाखवा की भावजींना. तर म्हणे, तो आपणहून विचारू दे."

व्हायोलिनला खुंट्या असतात. त्या पिळल्या की तारा उतरतात. पाच मिनिटांचं काम आहे हे. मला ते तेव्हाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी व्हायोलिन घेऊन तलासरीची एसटी पकडली. देवजी मधली काही वर्षं बोटीवर कामाला जात होता, भातकापणीसाठी आदल्या दिवशीच घरी आलेला. नवा तारपा भिंतीला टांगलेला होता. मी काय म्हणणार... म्हटलं, "देवजी, जरा फुंक. मी लावून घेतो." त्याने सूर धरला. मी खुंट्या पिळून तारा उतरवल्या. कागद मांडीवर ठेवून पहिलं पान वाजवलं, आणि दोन्ही आवाज एकमेकांत असे बसले की मी तेच पान पुन्हा वाजवलं. मधू बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

देवजीने तारपा खाली ठेवला. खूश झाला होता. माझ्या पाठीमागच्या पायवाटेकडे बघत म्हणाला, "आता जमला. पण सर कुठं राहिलं? त्यांना नाही आणला?"

त्याला कुणी कळवलंच नव्हतं.