‘व्यवस्था समाधानकारक’

शिरूरच्या सरकारी दवाखान्यात मी मानसिक आरोग्याची नर्स. म्हणून वरवंडच्या पुढच्या एका व्यसनमुक्ती केंद्राच्या तपासणीत माझं नाव आलं. केंद्र खासगी संस्थेचं. दारूचे आणि मनाच्या आजाराचे पेशंट ठेवून घ्यायचा ठेका त्यांना सरकारनं दिलेला. त्याची मुदत संपत आली होती. आमचा अहवाल चांगला गेला, की ठेका पुढं चालू राहणार होता.

मी आणि आरोग्य खात्याचे एक अधिकारी दुपारी पोचलो. पूर्वी ती कोंबड्यांची शेड होती. आता पत्र्याखाली खाटा मांडलेल्या, आणि फिनेलचा वास डोक्यात जाणारा. पेशंट रांगेत बसवले होते.

"कसं वाटतंय?" मी पहिल्याला विचारलं.

"बरं हाय. जेवान चांगलं हाय."

दुसराही तेच बोलला. तिसराही, अगदी त्याच शब्दांत. बोलताना तो माझ्या मागं उभ्या असलेल्या केंद्राच्या संचालकांकडं बघत होता.

अधिकारी चहाला ऑफिसात गेले. औषधांचं कपाट बघायचं म्हणून मी मागं गेले. टोकाच्या खोलीला बाहेरून कडी होती आणि आत कुणीतरी खोकत होतं. मी कडी काढली.

साठीचे एक गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते. पायात साखळी. दौंडला मिशनच्या शाळेत ते मास्तर होते, हे मला नंतर कळलं.

"काका, मी नर्स आहे," मी म्हटलं.

"दार लावा बाई," ते कुजबुजले. "उघडं दिसलं तर मारत्यात मला."

आणि मी लावलं. खरंच लावलं. वळले तर संचालक समोर उभे. आवाज न चढवता म्हणाले, "अंगावर येतो तो, म्हणून येगळा ठेवलाय. मॅडम, तुम्ही शिक्रापूरला राहता न्हाई का? मिस्टर सेकंड शिफ्टला असत्यात. एकट्याच असता मग."

मी त्यांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

ऑफिसात अहवाल आधीच टाइप केलेला होता. ‘व्यवस्था समाधानकारक.’ अधिकाऱ्यांनी सही करून पेन माझ्याकडं सरकवलं. मीही सही केली.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सही केलीस ना? मग आता गप बस." दोन दिवस ड्युटी केली. तिसऱ्या दिवशी पुण्याला जाऊन जिल्ह्याच्या मुख्य सरकारी डॉक्टरांपुढं कागद ठेवला: ‘मी घाबरून सही केली. मागच्या खोलीत माणूस बांधलेला आहे.’ त्यांनी माझ्यासमोरच पोलिसांना फोन लावला.

मास्तरांना आमच्याच वॉर्डात आणलं. त्यांच्या घोट्याची जखम रोज मी धुवत होते. ठेका रद्द झाला, संचालकांना अटक झाली, पुढं ते जामिनावर सुटले. आम्ही शिक्रापूरची खोली सोडली.

केंद्र बंद झाल्यावर खुटबावची एक आई मला शोधत दवाखान्यात आली. "बाई, पोराला घरी धाडलंय. पिऊन आला की कोयता उचलतो. तिथं मारत व्हते, म्हाईत व्हतं मला. पर आता मी कुठं ठिवू त्याला?"

जवळपास सरकारी खर्चानं ठेवून घेणारं दुसरं ठिकाण नव्हतं. मी तिला पुण्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. ती घडी करून तिनं कमरेला खोचली आणि म्हणाली, "रातीपुरतं मी शेजारणीकडं झोपते."