हातातली शिदोरी

मोठीमाय कोणाच्या दारात रिकाम्या हाताने उभी राहिलेली मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिली. एरवी ती बँकेत पेन्शनची चौकशी करायला गेली तरी पिशवीत चार वांगी असायची. तलाठ्याकडे जाताना पदरात हिरव्या मिरच्या, डॉक्टरकडे जाताना वालाच्या शेंगा. डॉक्टर बिचारा तपासायचा आधी आणि शेंगा कुठे ठेवायच्या याचा विचार करायचा नंतर. माझ्या लग्नात ती पातूरहून एसटीने आली ती मांडीवर भोपळा घेऊन, आणि आहेराच्या टेबलावर मिक्सर आणि घड्याळांच्या शेजारी तो भोपळा तिने स्वतः मांडला.

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका लवकर गेले. पातूरजवळचं थोडं रान आणि सुधीर हा एकुलता एक मुलगा एवढंच तिच्याजवळ उरलं. रानात भाजी पिकवायची, बाजारात दुकान लावून बसायचं आणि मुलाला शिकवायचं, असा तिचा संसार. गरीब होतीच, पण तसं कोणी म्हटलेलं तिला चालत नसे. वांगी-मिरच्यांवरून मी चिडवायला लागलो की म्हणायची, ‘‘हात रिकामा दिसला का माणूस मांगाले आला वाटते, दिन्या. आपण कोणाच्या दारी मांगाले जात नसतो.’’

हे तिच्यात मुरलं होतं ते नागपूरच्या वाटेवर. आमचे आजोबा छप्पन साली धम्मदीक्षेला पायी गेले ते भाकरी-ठेचा बांधून, आणि तेव्हापासून आमच्या घरात नागपूरला जाणं म्हणजे शिदोरी नेणं. दर दसऱ्याला मोठीमाय निघायची. एका वर्षी तिने गाठोडं ट्रकच्या कोपऱ्यात ठेवलं आणि गर्दीत ते कोणाबरोबर तरी निघून गेलं. सुधीर तेव्हा कडेवर होता. तो भुकेने रडून रडून थकला, तेव्हा कुठे ही जेवणाच्या रांगेत उभी राहिली. तिथे आपलेच लोक आपल्याच लोकांना प्रेमाने वाढतात, त्यात मागणं कसलं, असं मी तिला पुष्कळदा सांगून पाहिलं. तिचं एकच उत्तर होतं. ‘‘पोरगं माह्यं होतं. त्याची शिदोरी मी हातची सोडली.’’ त्यानंतर तिने शिदोरी कधीही हातची सोडली नाही.

सुधीर अकोल्याला वसतिगृहात राहून आयटीआय करत होता, तेव्हा इतर मुलांचे डबे एसटीच्या ड्रायव्हरबरोबर यायचे. मोठीमाय स्वतः यायची. कडीचा स्टीलचा डबा, झाकणावर सुधीरचं नाव कोरलेलं, आणि आत अंबाडीची भाजी. आंबट अंबाडी, त्यात ज्वारीच्या कण्या आणि वरून लसणाची तेलकट फोडणी. तो जेवेपर्यंत ती वसतिगृहाच्या पायरीवर बसायची आणि रिकामा डबा घेऊन परत जायची. सुधीर झाकण उघडून आधी नाक आत घालायचा आणि लसूण बरोबर पडलाय की नाही ते सांगायचा. चुकला असं तो कधीच म्हणाला नाही.

पुढे तो बेंगळुरूला कारखान्यात लागला. लग्नाचं विचारलं की पुढच्या वर्षी म्हणायचा. आजार मात्र त्याने सगळ्यांपासून लपवला. एके दिवशी त्याच्या मित्राचा मला फोन आला की यकृत पार गेलं आहे, डॉक्टर म्हणतात आईला बोलावून घ्या. मोठीमायला काय सांगावं याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात सुधीरनेच तिला फोन केला. त्याला बोलताना धाप लागत होती. म्हणाला, ‘‘माय, तोंडाले चवच नाई राह्यली. तुह्या हातची अंबाडी खावीशी वाटून राहिली.’’

‘‘आणतो,’’ ती म्हणाली. बाकी काही विचारलंच नाही.

आगगाडीने पोचायला फार वेळ लागला असता. अमरावतीलाही आता विमान उतरतं, पण ते आम्हाला हवं तिकडे जात नव्हतं. मग नागपूरहून तिकिटं काढली. मी पातूरला गेलो तेव्हा तिचं गाठोडं तयार होतं. पीठ, कण्या, तिखट, कांदे, शेंगदाणे, वड्या. मी नियम सांगायला लागलो. हातातलं सामान सात किलो. तिखट हातात चालत नाही. विळा चालत नाही. पातळ पदार्थ चालत नाही. ती म्हणाली, ‘‘मंग माणसं कायले नेतेत? उपाशी न्यायले?’’ शेवटी बरंचसं मोठ्या बॅगेत कोंबलं. वजन वाढतं म्हणून तिने दोन लुगडी एकावर एक नेसली आणि लसणाचे गड्डे कनवटीला बांधले. मला हसू आलं. त्या प्रवासातलं माझं तेवढंच हसू.

डबा मात्र ती बॅगेत ठेवू देईना. अमरावतीला चहाला थांबलो तेव्हा मी पुन्हा सांगून पाहिलं. तेव्हाही तो तिच्या मांडीवर होता, टॉवेलात गुंडाळलेला, अजून कोमट. नागपूरला सामान देण्याच्या खिडकीशी मी तिसऱ्यांदा सांगितलं. म्हटलं, मोठीमाय, बॅगेत टाकू, बेंगळुरूला उतरलो की लगेच हातात मिळेल. खिडकीतल्या मुलीनेही समजावलं. मोठीमायने डबा छातीशी धरला. ‘‘थे गाठोडं असंच गेलं होतं. नागपुरातच. ह्या बाईचं काय जाते?’’ बॅग पट्ट्यावरून आत गेली तेव्हा तिच्याकडे बघून म्हणाली, ‘‘पाह्य. गेली. आता कोणाच्या हाती पडते काय माहीत.’’ भाजी आहे, कोणी एवढं बघणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

तपासणीच्या बाईंनी तिला पडद्याआड नेलं. हात पसरून उभं राहायला सांगितलं, कनवट चाचपली, लसूण बाहेर निघाला. तो चालला. डबा मात्र यंत्राने वेगळा काढला. त्या बाईंनी झाकण उघडलं आणि आजूबाजूच्या लोकांनी वळून बघितलं, कारण लसणाचा वास सगळीकडे पसरला. वरती तेल तरंगत होतं. ‘‘अम्मा, ये अंदर नहीं जाएगा,’’ त्या म्हणाल्या. आवाजात काही उर्मटपणा नव्हता. सामानात टाकून या म्हणाल्या, पण खिडकी बंद झाली होती. इथेच खाऊन टाका म्हणाल्या.

‘‘थे माह्यी नाई, बाई. पोराच्या नावची हाय. दवाखान्यात हाय थो.’’

मी हिंदीत सांगितलं. त्यांनी वरिष्ठाला बोलावलं, त्यानेही ऐकून घेतलं आणि मान हलवली. मला कोणावर तरी ओरडायचं होतं, पण ओरडण्यासारखा तिथे कोणीच नव्हता. आमच्या विमानाची शेवटची हाक झाली. मग मोठीमायने डबा त्या बाईंपुढे धरला. ‘‘फेकू नको, माय. तू खाय. आजच केली.’’ त्यांना तेही घेता येत नव्हतं.

काढून घेतलेल्या लायटर आणि पाण्याच्या बाटल्यांचं एक पिंप होतं, त्यात भाजी ओतली. मोठीमायनेच ओतली, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. रिकामा डबा नेता येतो म्हणाले. तो तिने पदराने पुसला, कडी लावली आणि पुन्हा छातीशी धरला. विमानाच्या खिडकीतून मी ढग दाखवले तर तिने बघितले नाहीत. बेंगळुरूला पट्ट्यावर मोठी बॅग धडधाकट फिरत आली, तेव्हा मात्र तिच्याकडे बघून हळूच म्हणाली, ‘‘ही तं आली.’’

दवाखान्यात सुधीर ओळखू येत नव्हता. पिवळा पडला होता, पोट फुगलं होतं. पण डबा त्याने दारातूनच ओळखला. ‘‘आणली काय, माय?’’

तिने डबा त्याच्या हातात दिला. त्याच्या लक्षात आलंच असेल, डबा हलका होता. तरी त्याने कडी उघडली, जुन्या सवयीने नाक आत घातलं आणि बराच वेळ तसाच राहिला. मग म्हणाला, ‘‘लसूण बरोबर पडला, माय.’’

‘‘उद्या करतो, बापू. ताजी करून आणतो,’’ ती म्हणाली.

सकाळी आम्ही दोघं बाजारात फिरलो. तिथेही अंबाडी मिळते, नाव वेगळं आहे. तिने पानं हातात चोळून, चावून पाहिली आणि निवडून जुडी घेतली. सुधीरच्या खोलीवर शिजायला ठेवली. पातूरच्या कण्या, पातूरचा लसूण. ती फोडणी करत असताना माझा फोन वाजला. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं. कढल्यात लसूण लाल होत होता. तिने ती फोडणी भाजीवर ओतली, झाकण ठेवलं आणि मग गॅस बंद केला. रडली ती नंतर, आणि इतकं रडली की शेजारचे अनोळखी लोक दारात येऊन उभे राहिले. तिची भाषा त्यांना कळत नव्हती. कळण्यासारखं काही राहिलंही नव्हतं.

त्याला गावी न्यायला गाडी करणं मला जमण्यासारखं नव्हतं. तिथेच अग्नी दिला. मित्रांनी वंदना म्हटली. स्मशानातून अस्थी मातीच्या मडक्यात मिळाल्या, पण विमान कंपनीने सांगितलं की भांडं घट्ट झाकणाचं हवं, फुटणारं नको, सोबत दाखले हवेत. मी बाजारात जायला निघालो तर मोठीमाय म्हणाली, ‘‘विकत कायले आणतं? त्याचा डबा हाय ना.’’ मी नको नको म्हणत असताना तिने तो घासला, कोरडा केला, आणि आपल्या हाताने भरला.

बेंगळुरूच्या विमानतळावर तिने स्वतःच डबा पट्ट्यावर ठेवला. यंत्राने तो परत वेगळा काढला. गणवेशातल्या माणसाने हिंदीत विचारलं, यात काय आहे? ‘‘पोरगा हाय,’’ ती म्हणाली. मी कागद पुढे केले. त्याने ते वाचले, झाकण उघडायला लावलं, पाहिलं, दोन पावलं मागे सरला आणि हात जोडले. ‘‘जाइए, अम्मा.’’

ती हललीच नाही. ‘‘दिन्या, हे जाते?’’

‘‘हाव. जाते.’’

‘‘नीट इचार. मंग मधातच काढून घेतीन.’’

‘‘चालतं, मोठीमाय. नियमात बसतं.’’

तिने डबा उचलला आणि हातावर थोडा तोलला. ‘‘पोरगा जाते,’’ ती म्हणाली, ‘‘पोराची भाजी नाई जात.’’ त्या माणसाला मराठी येत नव्हतं म्हणून बरं. मला येत होतं. ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही, आणि नियम ज्यांनी केले त्यांचा एवढा राग राग करूनही मला त्यात कोणाची चूक सापडत नाही. चूक सापडली असती तर बरं झालं असतं.

अस्थी तिने रानातच ठेवल्या. त्यानंतर तिने भाजी लावली नाही, दसऱ्याला नागपूरला आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. त्याआधी, हिवाळ्यात, ती एकदा अकोल्याला आमच्याकडे आली. आईने दार उघडलं आणि सवयीने तिच्या हातांकडे पाहिलं. मोठीमायने दोन्ही तळहात पुढे करून दाखवले. ‘‘पाह्य, काहीच नाई आणलं.’’

‘‘आत तं या, बाई,’’ आई म्हणाली.

‘‘मांगाले आली मी, वं. अंबाडी करून वाढ मले. माह्या हातानं होत नाई आता.’’

माझ्या आईने कण्या घातल्या, लसणाची फोडणी दिली, भाकरी टाकली. मोठीमाय पाटावर बसली. घास मोडला, भाजीला लावला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून बसून राहिली. मग घास ताटात परत ठेवला.

‘‘लसूण बरोबर पडला, वं,’’ म्हणाली, आणि हात धुवायला उठली.