फाटक्या कोपऱ्याचं पाकीट

टपालखात्याची यात काही चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकते. विमानाचीही नव्हती. कराचीहून निघालेलं पत्र चौथ्या दिवशी निपाणीत आमच्या घरी पोचलं होतं. त्या काळात एवढ्या लवकर शेजारच्या चिकोडीचा पाहुणासुद्धा यायचा नाही. चूक माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची होती. थोडी माझीही होती, ती पुढं सांगते.

अण्णा निपाणीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. बेळगावला शिकत असताना कॅम्पातल्या कुणा साहेबाकडं त्यानं टपालाच्या पाकिटांचा संग्रह पाहिला आणि ते वेड घेऊन घरी आला. नुसती तिकिटं नव्हेत, अख्खी पाकिटं, तीही विमानाच्या पहिल्या फेरीची. कुठला नवा मार्ग सुरू होणार, टपाल न्यायचा मक्ता सरकारनं कुणाला दिला, हे तो पेपरात शोधत बसायचा. मग स्वतःच्याच नावाची पाकिटं तयार करायची, वाकू नयेत म्हणून आत एकेक जाड कोरं कार्ड सरकवायचं आणि विमान जिथून निघणार त्या गावच्या ओळखीच्या माणसाकडं पाठवायची. त्यानं ती चिकटवून पहिल्या फेरीच्या टपालात टाकायची. पाकीट परत आलं की पुढं फेरीचा खास शिक्का, मागं निपाणीचा. मग ते थेट अण्णाच्या पेटीत जायचं. उघडायचं मात्र नाही. उघडलं की त्याची किंमत गेली, असं तो म्हणायचा. भाकरीचे हात लागतील म्हणून आम्हा बायकांना तर जवळही येऊ द्यायचा नाही.

आमची आक्का कराचीला होती. दाजी तिथं बंदरावर एका गोदामात कारकून होते. मी सगळ्यांत धाकटी. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला आणि मी माहेरी परत आले, ती कायमचीच. मला मूल नव्हतं. आक्काला मात्र पुष्कळ वर्षांनी मुलगी झाली होती. ती आठ महिन्यांची झाली तरी आम्ही कुणी तिला पाहिलं नव्हतं. आक्का पत्रात लिहायची, "नाक तुझंच घेतलंय गं, चिडली की लाल हुतंय." त्या पोरीसाठी मी हिरव्या खणाची कुंची शिवायला घेतली होती.

तेवढ्यात कराचीहून मुंबईला आणि पुढं मद्रासला विमानानं टपाल जाणार, असं पेपरात आलं. अण्णाचे पाय जमिनीवर राहिनात. त्यानं दाजींकडं सहा पाकिटं धाडली आणि सोबत दोन पानं भरून सूचना लिहिल्या. आक्का तेव्हा तापानं अंथरुणाला खिळली होती आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दोन पानांत तिच्या तब्येतीची चौकशी एका ओळीत उरकली होती. मी ती पानं वाचली होती, म्हणून सांगते.

सहापैकी एकच पाकीट पहिल्या फेरीनं आलं. अण्णा स्वतः पोस्टात जाऊन ते घेऊन आला आणि दारातूनच ओरडायला लागला. आई बस्तीत देवदर्शनाला गेली होती, आप्पा वखारीत. मी चुलीपाशी होते. दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायला हवीत म्हणून हात भराभर चालले होते.

"काय अक्कल म्हणायची ह्यांची! पयल्या फेरीचं पाकीट, आणि कोपरा फाडून ठेवलाय!"

मी म्हणाले, "असू दे रं अण्णा, वाटंत फाटलं असंल."

"वाटंत कसलं? हातानं फाडलाय. आणि आपला पोस्टमन मला शानपण शिकवतोय, मास्तर, वाईच उघडून बघा म्हणून. ह्याला काय कळतंय?"

आमच्याकडं माणूस गेल्याचं पत्र असलं की त्याचा कोपरा फाडतात. शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट. पोस्टमनला ती कळली होती. इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या मास्तरांना कळली नाही, कारण त्यांच्या लेखी ते पत्रच नव्हतं. आणि मी? मी सगळं कानांनी ऐकलं. पण अण्णाचं ओरडणं रोजचंच होतं, म्हणून कानाडोळा केला आणि दुसरी भाकरी थापायला घेतली. उठून दोन पावलं बाहेर सोप्यात गेले असते तरी पुरे होतं. ती दोन पावलं मी स्वतःला कधी माफ केली नाहीत.

दुसऱ्या दिवशी अण्णानं खिडकीत बसून त्या कोपऱ्याला मागून पातळ कागद चिकटवला. इतका सफाईनं, की फाटलेलं ओळखू येऊ नये. वर बेळगावला टपालाच्या साहेबांकडं तक्रारीचा अर्ज धाडला. तिथून छापील कागद आला, त्यात विचारलं होतं की पाकिटात काय होतं आणि त्यातलं काही गहाळ झालं आहे काय. असा सरळ प्रश्न कुणी विचारल्यावर माणूस निदान पाकीट उघडून बघेल! अण्णानं न उघडताच लिहून टाकलं, "आत कोरे कार्ड. काही गहाळ नाही."

पाकीट येऊन पंधरा-सतरा दिवस झाले असतील, आप्पांच्या नावानं दाजींचं साधं कार्ड आलं. आप्पांनी सोप्यात उभ्यानंच ते मोठ्यानं वाचलं. "पत्राचे उत्तर आले नाही, त्यावरून आपली अडचण समजलो. ही गेल्यावर मला एकट्याला मूल सांभाळणे शक्य नव्हते. मुलीला भावाच्या स्वाधीन केले. बोट काल सुटली."

"ही गेल्यावर? कोण गेल्यावर?" आई विचारत राहिली. आप्पा म्हणाले, "कसलं पत्र? आपल्याला कुठं पत्र आलंय?"

मी अण्णाकडं बघितलं. तो पांढराफटक पडला होता. मी आत जाऊन त्याची पेटी उघडली आणि ते पाकीट घेऊन आले. फाडायला गेले तर हा माणूस, आपली बहीण गेली हे ऐकल्यावरही, म्हणतो कसा, "जपून, वरच्या कडंनं."

मी मधोमध फाडलं.

आत दाजींचं पत्र होतं. त्यांचा चुलतभाऊ आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेत होता. तो सुट्टीवर आला होता आणि बायकोला घेऊन परत निघाला होता. त्या दोघांना मूल नव्हतं, ते मुलीला न्यायला तयार होते. दाजींनी लिहिलं होतं, "हिने जाताना सांगितले की मुलगी धाकटीच्या ओटीत घाला. तारेत हे सारे मावत नाही. उद्याच्या विमानाने पत्र लवकर पोचेल, म्हणून तुमच्याच पाकिटातून पाठवतो. बोट पंधरा दिवसांनी सुटते. त्याआधी तुमची तार आली तर मी स्वतः मुलीला घेऊन निपाणीस येतो."

धाकटीच्या ओटीत. माझ्या! आप्पांची वखार पोस्टापासून हाकेच्या अंतरावर. तार करायला कितीसा वेळ लागला असता?

अण्णानं त्यानंतर पाकिटं जमवणं सोडलं. पेटी बेळगावला कुणाला तरी देऊन टाकली. जेवण तुटलं, वाळला. येणारे-जाणारे म्हणायचे, बिचाऱ्यानं मनाला लावून घेतलंय. त्याची समजूत काढायला खानापूरहून आत्या येऊन आठ दिवस राहिली. मला या सगळ्याची चीड येते, आजही येते. बिचारा तो! आठ महिन्यांची पोर समुद्रापार गेली आणि घरातली माणसं अण्णाला दुधाचा पेला घेऊन विनवत होती.

मी मोंबासाला पत्र लिहिलं. काही लपवलं नाही. विमानाची पहिली फेरी, न उघडायची पाकिटं, आत कोरं कार्ड आहे असं धरून चाललेला भाऊ, फाटका कोपरा, त्यावर चिकटवलेला कागद, सगळं लिहिलं. मुलगी मला हवी होती, आजही हवी आहे, असंही लिहिलं.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. दाजींच्या भावजयीनं लिहिलं होतं, अक्षर वळणदार, भाषा गोड. मुलगी बरी आहे, चालायला लागली आहे, भावजयीलाच आई म्हणते. आणि शेवटी लिहिलं होतं, "तुम्ही एवढी कारणे द्यायला नको होती. घरोघरी अडचणी असतात. तुम्हाला ती नको होती, हे आम्ही तिला कधीही सांगणार नाही."