बिरड्याची परवानगी

शाळेत विज्ञान शिकवताना मी फळ्यावर मधोमध रेघ मारतो. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला वाल. भातात बहुतेक पिष्ट. ताकद लगेच येते, भूकही लवकर लागते. वालात प्रथिनं कितीतरी जास्त, शिवाय लोह आणि तंतू. एकात जे कमी ते दुसऱ्यात असतं, म्हणून दोन्ही एकत्र खावेत, असं शेवटी सांगतो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथे भात कापला की त्याच ओलीवर वाल टाकतात. मुलांना यात नवीन काही वाटत नाही.

बाबांना मात्र मी इतकं नीट कधी सांगितलं नाही. "भात कमी, वालाचं बिरडं जास्त," एवढंच. त्यांनी ते मनापासून मानलं. आल्यागेल्याला ऐकवायचे, "भातानं नुसतं पोट भरतं, अंग भरतं ते वालानं. आमचा मास्तर सांगतो."

मग त्यांची मूत्रपिंडं निकामी होत गेली आणि मी त्यांना महाडला माझ्याकडे आणलं. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं तेव्हा माझा फळा उलटा झाला. कडधान्यं जवळजवळ बंद, भात चालेल. प्रथिनांचा उरलेला कचरा आता शरीराबाहेर पडत नव्हता.

"वाल खाऊन झालं का हे?" मी विचारलं.

"नाही हो. साखर आणि रक्तदाब. फार वर्षांचं आहे."

नाही म्हणाले, तरी माझ्या मनातून ते गेलं नाही. अजूनही गेलेलं नाही.

बायको मूठभर डाळ भरपूर पाण्यात उकडायची आणि पोटॅशियम कमी व्हावं म्हणून वरचं पाणी ओतून द्यायची. बाबा खाटेवरून बघत.

"काय करतेस गो? सत्त्व मोरीत?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, बाबा."

"तुझ्या नवऱ्याला विचार. तो पोरांना काय शिकवतो?"

ती हसायची. मी पेपर तपासत असल्यासारखं करायचो.

डायलिसिसला त्यांनी साफ नकार दिला. "मशीनवर नाय जायचं मला. त्यापेक्षा एकदा बिरडं घाल." मी म्हणायचो, "बरं वाटू दे, मग." त्यांना बरं वाटणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, "आता पथ्याचं राहू द्या. आवडेल ते खाऊ द्या त्यांना."

बायकोने त्याच दिवशी वाल भिजवले, दोन दिवसांत मोड आणले. तरी मी शिजवू देईना. वाटी समोर ठेवली की बाबांना सगळं कळणार, आणि नाही ठेवली तर ते त्या चवीवाचून जाणार. मी आज नको, उद्या, असं करत राहिलो. फडक्यातले मोड लांबत चालले.

"वास यायला लागेल आता," बायको म्हणाली. तिनेच कोमट पाण्यात टाकून वाल सोलले, नारळ आणि आमसूल घालून बिरडं केलं. पाणी ओतलं नाही.

मी ताट नेलं. बाबांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चालतंय व्हय आता?"

"थोडं चालेल म्हणाले."

"डॉक्टरनं सोडलं म्हण की."

"तसं नाही, बाबा."

"बरा शिकवतोस रे पोरांना. खोटं बोलता येत नाय तुला."

त्यांनी मीठ लावून कोऱ्या भाताचे दोन घास खाल्ले. वाटीला हात लावला नाही. मी म्हटलं, एक घास तरी घ्या. त्यांनी मान हलवली. "तोंडाला लोखंडाची चव हाय. कशाला वाया घालवू?" आणि वाटी माझ्याकडे सरकवली. "खा तू. माझ्यासमोर खा."

मी खाल्लं. बिरडं छान झालं होतं. ते बघत होते, म्हणून मी वाटी पुसूनही खाल्ली.