शेजारचे ठिपके

शेजारच्या टेबलावर वासंतीच्या स्क्रीनवर आज पुन्हा ठिपके उमटले. क्ष-किरण तिच्या स्फटिकातून गेले की रांगोळीसारखे नेमके ठिपके पडतात. तेच किरण माझ्या वितळलेल्या मिश्रधातूतून गेले की हाती येतं ते चंद्राभोवतीच्या खळ्यासारखं एक पुसट कडं.

"आलं का गं काही?" तिनं विचारलं.

"आलं की. कडं."

"तुझ्या कड्यातही गंमत असते हं!"

ठिपकेवालीला बोलायला काय जातं?

तिचे अणू ओळीत बसलेले. एकाची जागा कळली की हजाराव्याचीही सांगता येते. माझ्या कड्यावरून कळतं ते एवढंच, की अणूचे लगतचे शेजारी साधारण किती अंतरावर आहेत. त्यापलीकडे सगळा गोंधळ. धातू झटकन थंड करून काचेसारखा घट्ट केला, तरी तो गोंधळ तसाच गोठून राहतो.

मत्सराचंही असंच असावं. परदेशातल्या कुणा थोर शास्त्रज्ञाला बक्षीस मिळालं की मी मनापासून टाळ्या वाजवते. वासंतीचा साधा शोधनिबंध छापून आला, की डब्यातला घास घशाखाली उतरत नाही. लांबच्यांचं मला काहीच वाटत नाही. माझी सगळी मोजमापं या शेजारच्या खुर्चीपासून सुरू होतात आणि तिथंच संपतात.

"अगं, सांगायचंच राहिलं," वासंती म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून मला वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली मिळतेय."

सुटले, असं वाटायला हवं होतं. अभिनंदन तरी करायला हवं होतं. कड्यावरची नजर न काढता मी विचारलं, "मग इथं कोण बसणार?"