ओट्याचा दगड आणि माझं कोपर

आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याचा दगड ठरायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात माझं लग्न ठरून, होऊन, पहिलं भांडण होऊन मिटलंसुद्धा होतं.

हडपसरच्या आमच्या फ्लॅटमधला जुना ओटा काळ्या कडप्प्याचा. तो आईने जातीने उभं राहून, स्वतःच्या मापाने करून घेतलेला. आणि आमची आई (तिच्यासमोर हे बोलायची सोय नाही) जेमतेम फ्रीजच्या हँडलपर्यंत पोचते. पुढे त्या ओट्याशी माझ्या बायकोची गाठ पडली. संगीता काही ताडमाड नाही, पण आईपेक्षा चांगली वीतभर उंच. त्यामुळे ती पोळ्या लाटतेय की ओट्याच्या पाया पडतेय, हे लांबून कळायचं नाही. शेवटी व्हायचं तेच झालं. एका सकाळी कणीक मळायला वाकली, ती वाकलीच! डॉक्टरांनी पाठीला सक्तीची विश्रांती सांगितली आणि वर बजावलं, "आधी तो ओटा बदला."

विश्रांतीसाठी ती वाघोलीला भावाकडे निघाली. रिक्षात बसता बसता म्हणाली, "अहो, दगड कुठलाही घाला. माझं काही म्हणणं नाही. उंची तेवढी माझ्या मापाची घ्या. माप द्यायला मला बोलवा, मी येईन."

"तू काळजीच करू नकोस!" मी म्हणालो.

काळजीचं कारणच नव्हतं. मी कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. तपासल्याशिवाय मी लिंबूसुद्धा घेत नाही. (भाजीवाल्या मावशी मला लांबून बघूनच पाटी झाकतात, तो भाग वेगळा.)

तर दगड. आईचं मत तयार होतं, "कडप्पाच घाल. एवढी वर्षं टिकला की नाही?"

"आई, त्यानेच संगीताची पाठ गेली."

"दगडाने कुणाची पाठ जात नाही. मोबाइलने जाते."

तेवढ्यात वाघोलीहून मेहुण्याचा फोन. सुनीलने नुकताच घरी पांढराशुभ्र क्वार्ट्झचा ओटा केलाय आणि तेव्हापासून तो त्या दगडाच्या वतीनेच बोलतो. "दाजी, डोळे झाकून क्वार्ट्झ घ्या! एकदम फाइव्ह स्टार लुक!"

"सुनील, मला त्यावर मेथीची भाजी करायचीय, रिसेप्शन नाही ठेवायचं."

डोळे झाकून घेईन तर मी क्वालिटी कंट्रोलचा कसला! मार्केट यार्डाकडच्या एका दगडाच्या दुकानात गेलो. मालक पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "ग्रॅनाइट घ्या. मोकळे व्हा."

"हळदीचा डाग पडतो का?"

"नाही."

"लिंबाने खराब होतो का?"

"नाही."

"गरम कढई ठेवली तर?"

आता पेपर खाली आला. "साहेब, दगड बसवायचाय. त्याला मुलगी नाही द्यायची."

पण मी हटलो नाही. ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, मार्बल, कडप्पा, सगळ्यांचे तुकडे पिशवीत घालून घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर प्रयोगशाळा मांडली. प्रत्येकावर हळद, लिंबू, तेल आणि आमसुलाचं पाणी. मार्बलने लिंबापुढे लगेच मान टाकली. क्वार्ट्झ बराच वेळ शिष्टासारखा बसला होता, पण तापलेली कढई ठेवल्यावर त्याच्या गोऱ्या अंगावर पिवळं कडं उमटलं. मी आनंदाने त्याचा फोटो मेहुण्याला पाठवला.

सुनील थेट मोटारसायकल काढून हजर! "दाजी, गरम कढई कुणी डायरेक्ट ठेवतं का? खाली मॅट घालायची असते!"

"म्हणजे ओट्याला अंथरूण घालायचं?" आई म्हणाली. ती कडप्प्याच्या तुकड्याने आलं ठेचत होती. आणि ठेचत होती ते क्वार्ट्झवर ठेवून! एक ठोका जरा जोरात बसला आणि क्वार्ट्झचा कोपरा उडून सुनीलच्या चहात पडला.

"पास!" आई कडप्पा धुवायला घेऊन गेली.

या गोंधळात शहाणपणा असा केला होता, की दगड ठरायच्या आधीच मी जुना ओटा फोडून घेतला. (म्हणजे निर्णय लवकर होईल, हा माझा तर्क!) गॅस हॉलमध्ये जमिनीवर आला. आई टीव्हीसमोर मांडी घालून भाकरी करायला लागली आणि म्हणाली, "असंच राहू दे की. मला बरं पडतंय." कामावरून आलो की चप्पल काढायच्या जागी पिठाचा डबा! डोकं फिरायची वेळ आली. आणि रोज संध्याकाळी संगीताचा फोन.

"मापाचं काय झालं?"

"अगं, आधी दगड तर ठरू दे! माप काय, पळून जातंय का?"

शेवटी काळा ग्रॅनाइट ठरला. म्हणजे पेपर वाचता वाचता मालकांनी सांगितला होता तोच. त्यांनी मला ओळखलं आणि काहीही बोलले नाहीत. पुण्यात याहून मोठा अपमान नसतो.

मिस्त्री आले त्या दिवशी सुनीलचा फोन चालूच होता, क्वार्ट्झच्या बाजूने शेवटचा प्रयत्न म्हणून. एका हाताने फोन कानाला धरून मी खिंड लढवत होतो.

"सायेब, वटा केवढा उंच घिऊ?" मिस्त्रींनी विचारलं. "म्याडम हायेत का?"

"नाहीत. मी आहे ना!"

"मग हितं उभं ऱ्हावा."

मी माझी सहा फूट उंची सावरत ताठ उभा राहिलो. त्यांनी माझ्या मोकळ्या हाताच्या कोपराशी टेप लावली आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. संगीताला बोलवायचं होतं हे मला आठवलं नाही असं नाही. आठवलं! पण आजारी माणसाला एवढ्यासाठी वाघोलीहून त्या ट्रॅफिकमधून कशाला आणायचं? ओटा खाली होता म्हणून पाठ दुखली, तर वर घेतला की दुखणार नाही. सरळ हिशोब आहे! उलट मीच म्हणालो, "अजून चार बोटं वर घ्या. वाकायची सोयच नको."

"लई उंच हुईल, सायेब."

"होऊ द्या. कंपनीत आम्ही याला सेफ्टी मार्जिन म्हणतो."

ओटा बसवून झाल्यावर संगीता घरी आली. सोबत सुनील आणि त्याची बायको मनीषा. मी ओट्यावरून हात फिरवत म्हणालो, "बघ! एक ओरखडा दाखव."

ती ओट्यापुढे जाऊन उभी राहिली. तिच्या हनुवटीखाली ओटा सुरू झाला. त्यावर गॅस. वर पातेलं.

"आधी दूध उतू घाला," आई म्हणाली. नव्या ओट्यावर पहिलं दूध उतू जाऊ द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. जरासं कडेवरून गेलं की गॅस बंद करायचा. संगीताने हात वर करून दूध ठेवलं. पातेल्यात काय चाललंय ते तिला दिसेना. आई तर ओट्याच्या खालीच! मी सुनीलला ग्रॅनाइटचे गुण सांगत होतो. दूध उतू गेलं, कडेवरून ओट्यावर, ओट्यावरून ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरमधून आईच्या डोक्यावर. अख्खं पातेलं रिकामं झालं.

मी फडकं फिरवलं आणि ओरडलो, "पाहिलंस? डाग नाही!"

संगीताने पदर झटकला. रडेल असं वाटलं मला. ती इतक्या शांतपणे बोलली, की रडली असती तर परवडलं असतं. "एवढे दिवस मी पाठ धरून पडले होते. एकच गोष्ट मागितली होती."

"अगं, स्टूल आणू आपण..."

"स्टूल कशाला? ज्याच्या मापाचा ओटा, त्याचा स्वयंपाक. आईंच्या मापाच्या ओट्यावर मी केला, तर पाठ गेली. आता तुमच्या मापाचा आहे."

"कडप्प्याला हे झालं नसतं," आई डोकं पुसत म्हणाली.

तेव्हापासून दोन्ही वेळचा स्वयंपाक मी करतो. संगीताची पाठ ठणठणीत आहे. मनीषाने घरी जाऊन तो फाइव्ह स्टार क्वार्ट्झ उखडायला काढलाय, नवा ओटा सुनीलच्या कोपराच्या मापाने करायचाय म्हणे. सुनील माझ्याशी बोलत नाही. आणि परवा शेजारच्या काकूंनी संगीताला विचारलं, "पाठदुखीला कुठला दगड चांगला गं?"

मी पोळी उलटत आतून ओरडलो, "कुठलाही चालतो, काकू! फक्त माप घ्यायला काकांना उभं करा!"